पडदा मोठा झाला, चित्र मात्र जुनेच

ऐन घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दसरा-दिवाळीच्या खरेदीला याहून चांगला मुहूर्त मिळणे अवघड होते. ज्यांनी वर्षानुवर्षे ३२ इंचांवर समाधान मानले, त्यांच्यासाठी ४३ किंवा ५५ इंची संच आवाक्यात आला. मात्र असा संच भिंतीवर चढवून त्यावर नेहमीची वाहिनी लावली, की अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो. दुकानात लखलखीत दिसणारे चित्र घरी आल्यावर असे धुरकट का झाले? काहींना तर जुन्या संचावरचेच चित्र बरे होते असे वाटते.

तसे वाटण्यात काही चूक नाही आणि संचातही बहुधा दोष नसतो. दुकानात त्या पडद्यावर मुद्दाम तयार केलेली अतिसुस्पष्ट चित्रफीत फिरत असते. घरी मात्र त्याच पडद्यावर जे चित्र येते, त्याचा आराखडा मूळ रंगीत दूरचित्रवाणीच्या काळातला आहे. स्टँडर्ड डेफिनिशन म्हणजे एसडी आणि हाय डेफिनिशन म्हणजे एचडी, ही दोन नावे आता प्रत्येक रिचार्जच्या वेळी कानावर पडतात. त्यांच्यातील फरक 'एचडी जरा स्वच्छ दिसते' एवढ्यावर आटोपला जातो. प्रत्यक्षात या फरकाचा संबंध खोलीच्या लांबीशी आहे, संचामागच्या वायरीशी आहे, उपग्रहावरील जागेशी आहे आणि महिन्याच्या बिलाशीही आहे.

ओळींचा हिशेब

भारतात १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. त्यासाठी पाल ही पद्धत स्वीकारण्यात आली होती. तीत चित्र ६२५ आडव्या ओळींचे असते. त्यातील प्रत्यक्ष चित्र दाखविणाऱ्या ओळी ५७६ आणि उरलेल्या ओळी संचाला ताळ्यावर ठेवण्यासाठी. पुढे चित्र डिजिटल झाले तेव्हा प्रत्येक ओळीचे ७२० बिंदू मोजले जाऊ लागले. आजच्या एसडी वाहिनीचे पूर्ण चित्र ते हेच : ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० बिंदू.

पूर्ण एचडीचे चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे असते. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू होतात, एसडीच्या नेमके पाचपट. बाजारात 'फोर के' म्हणून मिळणाऱ्या संचाच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात, म्हणजे एसडीच्या वीसपट. असा संच जेव्हा एसडी वाहिनी दाखवितो, तेव्हा मूळ चित्रातील एका बिंदूच्या जागी त्याला वीस बिंदू भरावे लागतात. एकोणीस बिंदूंची माहिती कुठूनच आलेली नसते. संचातील चिप आजूबाजूचे रंग पाहून अंदाज बांधते आणि जागा भरते. महागड्या संचाचा अंदाज बरा असतो, स्वस्त संचाचा ढोबळ असतो. पण अंदाज तो अंदाजच. वृत्तनिवेदिकेच्या साडीची जर आणि क्रिकेटपटूच्या पाठीवरचे नाव त्यातून परत येत नाही.

जुन्या काचेच्या नळीच्या संचाचे तसे नव्हते. त्याच्यावरील ओळी मुळातच ५७६ च्या मापाने रेखल्या जात. बिंदूंच्या कडा मऊ असत आणि चित्रातील बारीक दोष त्या मऊपणात झाकले जात. शिवाय पाल पद्धतीत चित्र एका वेळी पूर्ण येत नाही. आधी विषम ओळी, मग सम ओळी, असे अर्धे चित्र सेकंदाला ५० वेळा येते. नळीचा संच त्या अर्ध्या चित्रांसाठीच बनलेला होता. सपाट पडद्याला मात्र संपूर्ण चित्र एकदम लागते. मग तो दोन अर्धी चित्रे जोडून एक करतो आणि वेगाने हलणाऱ्या वस्तूच्या कडांना कंगव्याचे दाते फुटल्यासारखे दिसतात. एचडी वाहिन्यांवरही हे अर्ध्या ओळींचे प्रकरण संपलेले नाही. भारतातील एचडी प्रक्षेपण सामान्यतः १०८० ओळींचेच, पण एकाआड एक पद्धतीचे असते. तेथे ओळी जास्त असल्याने दाते बारीक होतात, इतकेच.

दहा बाय बाराचा दिवाणखाना

बिंदू पाचपट झाले म्हणून चित्र पाचपट चांगले दिसते काय? तर नाही. ते पाहणारा किती लांब बसला आहे, यावर सारे अवलंबून आहे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाहून लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. यावरून साधे गणित मांडता येते. एसडी चित्रातील ओळी पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरावरून एकमेकींत मिसळतात. एचडीच्या ओळी सुमारे सव्वातीनपट अंतरावरच मिसळतात. त्याहून लांब गेल्यावर जास्तीच्या बिंदूंचा उपयोग नाही आणि त्याहून जवळ आल्यावर कमी बिंदू डोळ्यात खुपतात.

आता मुंबई-पुण्यातील दहा बाय बारा फुटांचा दिवाणखाना घ्यावा. एका भिंतीला सोफा आणि समोरच्या भिंतीला संच. डोळा आणि पडदा यांत सुमारे आठ फूट. जुन्या २१ इंची संचाच्या पडद्याची उंची जेमतेम एक फूट. त्याच्या सहापट म्हणजे सहा फूट. पाहणारा आठ फुटांवर असल्याने त्याला एसडीतील उणीव दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ३२ इंची सपाट पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणून एसडीसाठी पुरेसे अंतर पावणेआठ फूट. म्हणजे आठ फुटांवरून एसडी अगदी काठावर निभावून जाते. ४३ इंची पडद्यासाठी हेच अंतर साडेदहा फूट होते आणि ५५ इंचीसाठी साडेतेरा फूट. साडेतेरा फूट मागे सरकायचे तर शेजाऱ्याच्या घरात बसावे लागेल.

संच बदलल्यावर चित्र 'बिघडते' त्याचे मर्म येथे आहे. चित्र होते तेच असते, पण खोली तेवढीच राहून पडदा वाढलेला असतो. २१ इंचांच्या घरात एचडीवर पैसे खर्च करणे ही खरोखर चैन ठरली असती. ५५ इंचांच्या घरात एसडी पाहणे ही शिक्षा आहे.

याच गणिताचा दुसरा निष्कर्ष विक्रेत्यांना फारसा रुचणार नाही. ५५ इंची पडद्यावर एचडीचे सर्व तपशील दिसण्यासाठी सुमारे सव्वासात फुटांच्या आत बसावे लागते. आठ फुटांवरून एचडीचाच शेवटचा कण डोळ्यातून निसटू लागतो, मग 'फोर के'चे चौपट बिंदू दिसणार कसे? त्यासाठी साडेतीन-चार फुटांवर खुर्ची ओढावी लागेल. या संचांत रंग आणि काळ्या-पांढऱ्यातील भेद अधिक चांगले असू शकतात, ते वेगळे. पण नुसत्या बिंदूंच्या संख्येसाठी जादा पैसे मोजणाऱ्याने आधी घरात टेप धरून अंतर मोजलेले बरे.

चेंडू कुठे गेला?

एचडीचा लाभ कोठे सर्वांत जास्त जाणवतो, तर खेळांत. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर असतो. उंच फटका गेला आणि कॅमेऱ्याने मैदानाचा ६० मीटर रुंदीचा भाग चौकटीत घेतला असे समजू. एसडीत त्या ६० मीटरना ७२० बिंदू मिळतात, म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला सव्वाआठ सेंटिमीटरहून अधिक जागा येते. चेंडू एका बिंदूहूनही लहान झाला. तो हिरवळीत विरघळतो आणि समालोचकाच्या आवाजावरून प्रेक्षक त्याचा माग काढतो. एचडीत त्याच दृश्यात एका बिंदूला सव्वातीन सेंटिमीटरहून कमी जागा येते आणि चेंडूला आडवे-उभे मिळून चार-पाच बिंदू लाभतात. फार नव्हेत, पण पांढरा ठिपका सीमारेषेकडे जाताना दिसण्यापुरते नक्कीच.

खेळ आणि एचडी यांचे नाते तसे जुने आहे. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर अधिक ओळींच्या चित्रवाणीवर संशोधन सुरू केले. भारतातही दूरदर्शनने एचडीत पाऊल टाकले ते ऑक्टोबर २०१० मध्ये, दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या वेळी. मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या यायला मात्र २०१६ साल उजाडले. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी या तिन्हींनी त्याच वर्षी एचडीत प्रवेश केला. मराठी वृत्तवाहिन्या अजूनही बहुतांशी एसडीतच आहेत.

पाटी एचडीची, माल कशाचा?

वाहिनीच्या नावापुढे 'एचडी' लिहिले म्हणजे चित्र एचडी झाले, असे समजणे भाबडेपणाचे आहे. स्टुडिओत डिजिटल एसडी चित्राचा प्रवाह सेकंदाला २७० मेगाबिटचा असतो आणि एचडीचा जवळपास दीड गिगाबिटचा. एवढा प्रवाह उपग्रहावरून घरोघरी पाठविणे अशक्य. म्हणून तो दाबून लहान करावा लागतो. घरापर्यंत येताना एसडी वाहिनीच्या वाट्याला साधारण दोन ते चार मेगाबिट उरतात. एचडीच्या वाट्याला आठ-दहा, कित्येकदा त्याहूनही कमी. दाबण्याची युक्ती अशी, की प्रत्येक क्षणी पूर्ण चित्र न पाठविता आधीच्या चित्रात जेवढे बदलले तेवढेच पाठवायचे. निवेदक खुर्चीत बसून बातम्या वाचत असेल तर ओठ आणि पापण्याच हलतात, त्यामुळे काम थोडक्यात भागते. पण अनंत चतुर्दशीला लालबागमध्ये गुलाल उधळला गेला, की पडद्यावरचा प्रत्येक बिंदू प्रत्येक क्षणी बदलतो. तेवढे बदल मावण्याइतकी जागा प्रवाहात नसते. मग चित्राचे चौकोन होतात, गुलालाचा चिखल होतो आणि खाली धावणाऱ्या बातमीच्या पट्टीतील काना-मात्रा फाटतात. पाऊस, समुद्राच्या लाटा, स्टेडियममधील गर्दी, यांचीही गत तीच.

उपग्रहावरील एका ट्रान्सपॉन्डरची क्षमता ठरलेली असते आणि त्याचे भाडेही ठरलेले असते. तेवढ्यात वाहिन्या किती कोंबायच्या, हा व्यवसायाचा प्रश्न. जास्त वाहिन्या म्हणजे जास्त उत्पन्न आणि प्रत्येकीच्या वाट्याला कमी जागा. त्यामुळे काटकसरीने दाबलेली एचडी वाहिनी नीट पाठविलेल्या एसडीपेक्षा फारशी सरस दिसत नाही, असे होऊ शकते. ग्राहकाला हे कळण्याचा मार्ग कोणता? बिलावर वाहिनीचे नाव असते, दर असतो. तिला किती मेगाबिट दिले, हे नसते. दुधाच्या पिशवीवर स्निग्धांशाचे प्रमाण छापावे लागते. चित्राच्या बाबतीत मात्र पिशवीचा रंग पाहूनच समाधान मानायचे.

आणखी एक गफलत जुन्या कार्यक्रमांची. चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला असेल आणि मूळ प्रत शाबूत असेल, तर ती पुन्हा स्कॅन करून खरे एचडी, किंबहुना त्याहून सुस्पष्ट चित्र मिळविता येते. कारण फिल्मवर तेवढा तपशील मुळात असतो. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकांना ही सोय नाही. त्या टेपवर ५७६ ओळीच उमटल्या आणि तेवढ्याच राहणार. एचडी वाहिनीवरून त्या दाखविल्या तरी ते फुगविलेले एसडीच. या मालिकांची चौकट चारास तीन या प्रमाणातील. आजचा पडदा सोळास नऊ. प्रामाणिकपणे दाखवायचे तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. 'पैसे पूर्ण पडद्याचे दिले आहेत' या भावनेने काही जण रिमोटवरून चित्र ताणून घेतात आणि मग नव्वदीतले सडपातळ नायक एकाएकी अंगाने भरलेले दिसू लागतात.

तीन रंगांची वायर

याहून विलक्षण प्रकार घराच्या आतच घडतो. संच एचडी, सेट टॉप बॉक्स एचडी, पॅकेजही एचडी आणि पडद्यावर मात्र एसडी. कारण बॉक्स आणि संच यांना जोडणारी वायर जुनी, लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची. यातील पिवळ्या टोकातून चित्र जाते आणि त्यातून एसडीपलीकडचे काही जाऊच शकत नाही. एचडीसाठी चपट्या तोंडाची एचडीएमआय केबल लागते. बॉक्स बसवायला आलेल्या मुलाने घाईत हाताला लागली ती वायर जोडली आणि पुढे ती कोणी पाहिली नाही, अशा घरांत दरमहा एचडीचे पैसे भरून एसडी पाहिले जाते. केबल योग्य असूनही बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचे माप ५७६ वरच राहिलेले असू शकते. बहुतेक संचांच्या रिमोटवर माहितीचे बटण असते. ते दाबल्यावर ५७६ दिसते की १०८०, यावरून बॉक्स संचाला काय पाठवीत आहे, याचा उलगडा होतो.

एका वाहिनीला दोन मोजावे

घरातील दोष वायर बदलून दूर होतो. बिलातील गुंता त्याहून चिवट आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय या संस्थेने मार्च २०१७ मध्ये नवी दररचना अधिसूचित केली आणि न्यायालयीन लढायांनंतर ती १ फेब्रुवारी २०१९ पासून घराघरांत लागू झाली. ग्राहकाने वाहिन्या स्वतः निवडाव्यात, पाहील त्याचेच पैसे द्यावेत, हा तिचा उद्देश. त्यात १०० एसडी वाहिन्यांपर्यंत जोडणीचा आकार महिना कमाल १३० रुपये ठरला, करासह १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढील प्रत्येक २५ वाहिन्यांना २० रुपये. आणि एक कलम असे, की एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांच्या बरोबरीची धरावी.

या कलमाचा अर्थ आकड्यांत पाहावा. शंभरांपैकी सुमारे २५ जागा दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्यांनी व्यापलेल्या. उरल्या ७५. तेवढ्यात कोणी सर्व एचडीच घ्यायचे ठरविले, तर ३७ वाहिन्यांवर गाडी थांबते. वाहिनीचे स्वतःचे शुल्क वेगळेच. पॅकेजमध्ये घालायच्या वाहिनीच्या दरावर १९ रुपयांची मर्यादा असल्याने २०१९ च्या दरपत्रकांत स्टार प्लस, झी टीव्ही यांसारख्या लोकप्रिय वाहिन्यांची एसडी आणि एचडी आवृत्ती दोन्ही १९ रुपयांनाच होत्या. म्हणजे वाहिनी एचडीसाठी जादा पैसे मागत नव्हती, पण पोचविण्याच्या आकारात तिची दोन माणसांची जागा धरली जात होती.

एचडीला जागा जास्त लागते, हे खरेच. बिटांच्या हिशेबाने ती दोन एसडींपेक्षाही जास्त असू शकते. तेव्हा हे कलम तांत्रिकदृष्ट्या निराधार म्हणता येणार नाही. पण त्याच्यामागची दृष्टी एचडीला चैनीची वस्तू मानणारी आहे. ३२ इंचांच्या काळात ती चालून गेली. भिंतीवर ४३ आणि ५५ इंच आल्यावर एचडी ही चैन राहत नाही, ती किमान गरज ठरते. एकीकडे सरकारने मोठ्या संचावरील कर कमी करावा आणि दुसरीकडे त्या संचाला साजेसे चित्र दुप्पट मोजले जावे, यात विसंगती आहे.

पुढची वर्षे मात्र दुसऱ्याच वादात गेली. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने १९ रुपयांची मर्यादा १२ वर आणली आणि १३० रुपयांत २०० वाहिन्या देणे बंधनकारक केले. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जून २०२१ मध्ये न्यायालयाने या दुरुस्त्या बहुतांशी उचलून धरल्या. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर नेली. या सर्व रस्सीखेचीत भांडण रुपयांचे होते. चित्राच्या दर्जाचा मुद्दा कोणाच्याही तोंडी ठळकपणे आला नाही.

जुलै २०२४ मध्ये वारे थोडे बदलले. जोडणीच्या आकारावरील कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली आणि तो ठरविण्याची मोकळीक केबल व डीटीएच कंपन्यांना मिळाली. वाहिनीने केबलचालकाला द्यावयाच्या वहन शुल्कात पूर्वी एसडीला प्रतिग्राहक महिना कमाल २० पैसे आणि एचडीला ४० पैसे असा भेद होता. एचडीला उत्तेजन मिळावे म्हणून तोही मिटविण्यात आला. उशिरा का होईना, एचडी हा दंडाचा विषय नाही हे नियामकाने मान्य केले. ही सवलत वाहिन्या आणि कंपन्या यांच्यातील व्यवहारात मिळाली. ग्राहकाच्या बिलात ती किती झिरपेल, हे आता बाजारावर सोपविलेले आहे.

फुकट पाहणाऱ्यांचे काय?

हा सारा हिशेब महिन्याला पैसे भरणाऱ्यांचा. दूरदर्शनच्या डीडी फ्रीडिशवर २००४ पासून मासिक शुल्काविना वाहिन्या दिसतात आणि ती पाहणारी घरे चार कोटींहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. शहरांच्या कडेच्या वस्त्यांत, बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर आणि गावागावांत तिच्या छत्र्या दिसतात. दूरदर्शनच्या काही एचडी वाहिन्या वगळता फ्रीडिशवरील बहुतेक वाहिन्या एसडीच आहेत. तेथील जागांचा लिलाव होतो, आणि जेवढ्या जागा अधिक तेवढे प्रसारभारतीचे उत्पन्न अधिक. एसडीच्या जागी एचडी आणणे म्हणजे या उत्पन्नावर पाणी सोडणे.

राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला देणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरूनच दाखवावे, खासगी केबल वा डीटीएचमार्फत नव्हे. म्हणजे भारताचा सामना पैसे न भरता छत्रीवरून पाहायचा, तर फ्रीडिश हाच व्यवहार्य मार्ग. तेथे चेंडू दिसण्याइतके बिंदू मिळावेत, ही मागणी अवास्तव म्हणता येत नाही.

दरम्यान, प्रेक्षक थांबलेला नाही. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर विनामूल्य दाखविली गेली, तेव्हा ज्याच्या घरात केबलवर एसडी होते त्याच्याच हातातील फोनवर तोच सामना एचडीत दिसत होता. इंटरनेटवरील चित्राचे माप जोडणीच्या वेगानुसार आपोआप वर-खाली होते. तेथे एसडीची एक आणि एचडीची एक अशा दोन वाहिन्या विकत घ्याव्या लागत नाहीत. एकेकाळी सात कोटींच्या घरात असलेली डीटीएचची सक्रिय ग्राहकसंख्या मार्च २०२५ अखेर सहा कोटींच्या खाली उतरली. सगळे चित्राच्या दर्जामुळे गेले असे नाही. दर, मोबाइल डेटा आणि फ्रीडिश ही कारणे आहेतच. पण ५५ इंची संच आणि घरात ब्रॉडबँड असलेल्या ग्राहकाला एसडी पॅकेजमध्ये टिकवून ठेवणे कठीण, हे कंपन्यांनाही कळत असावे.

एकच वाहिनी दोनदा पाठविणे, एकदा एसडीत आणि एकदा एचडीत, हा उपग्रहावरील जागेचा अपव्यय आहे. युरोपातील सार्वजनिक प्रसारकांनी तो बंद करण्यास सुरुवात केली आहे. फ्रान्समध्ये एप्रिल २०१६ मध्ये जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणारे प्रक्षेपण एचडीकडे वळले. बीबीसीने जानेवारी २०२४ पर्यंत उपग्रहावरील आपल्या एसडी आवृत्त्या बंद केल्या, तर जर्मनीच्या एआरडीने जानेवारी २०२५ मध्ये. भारतात ट्रायच्या २०२४ च्या आकडेवारीनुसार सशुल्क वाहिन्या सुमारे ३६० होत्या आणि त्यांत एचडी जेमतेम शंभर. एसडी आवृत्त्या उद्या बंद करायच्या ठरविल्या, तर केबल डिजिटायझेशनच्या २०१२ ते २०१७ या टप्प्यांत बसलेले एसडी बॉक्स एका रात्रीत निकामी होतील. त्या वेळी दिल्ली-मुंबईपासून गावांपर्यंत बॉक्सचे पैसे बहुतांशी ग्राहकांकडूनच घेण्यात आले होते, आणि त्यातील कित्येक बॉक्स आजही सुरू आहेत.